सही करण्यापूर्वी

आपल्या देशात वयाची 18 वर्षे पूर्ण झाली की माणसाच्या सहीला किंमत येते. 1872 सालच्या भारतीय करार कायद्याने सज्ञान व्यक्तीलाच करार करण्याचा अधिकार दिला आणि 1875 सालच्या सज्ञानता कायद्याने ते वय 18 ठरवले. सतरा वर्षांच्या मुलाने कर्जाच्या कागदावर सही केली, तर तो करार कायद्याच्या दृष्टीने निर्माणच होत नाही. 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी खटल्यात तसा स्पष्ट निर्णय दिला होता. अठरावा वाढदिवस उलटल्यावर मात्र तीच सही त्याला बांधून टाकते.

याच करार कायद्यात संमती कशाला म्हणावे हेही सांगितले आहे. दोन व्यक्ती एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देतात, तेव्हा त्यांची संमती झाली, असे कायदा मानतो. 'एकाच अर्थाने' हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. सही घेणाऱ्याला कागदाचा अर्थ पुरता ठाऊक असतो, कारण तो कागद त्यानेच तयार केलेला असतो. सही करणाऱ्याला तो अर्थ ठाऊक नसेल, तर कायद्याला अपेक्षित असलेली संमती मनाने झालेलीच नसते. कागदावर मात्र ती झालेली असते. पुढे तंटा उभा राहिला, तर कागद बोलतो आणि मन मुके राहते. 'मी वाचले नव्हते' हे उत्तर तेथे क्वचितच कामी येते.

तरुण वयात असे कागद एकामागून एक पुढ्यात येतात. पहिली नोकरी, पहिली दुचाकी, नोकरीतला बदल, दुसऱ्या गावी घेतलेली भाड्याची खोली, मित्राच्या कर्जाला दिलेला जामीन; या प्रत्येक प्रसंगी कोणीतरी कागद पुढे सरकवतो, बोट ठेवून जागा दाखवतो आणि 'इथे सही करा' असे सांगतो. या प्रसंगांना आपण आयुष्यातले टप्पे म्हणतो. माझ्या मते माणूस खरा प्रौढ झाला की नाही, याची कसोटी या टप्प्यांवर पुढे आलेला कागद समजून घेऊन त्यावर सही करण्यात आहे.

आपल्या समाजाची कसोटी वेगळी आहे. मुलगा किंवा मुलगी 'मार्गी लागली' असे आपण म्हणतो, तेव्हा मनात एक ठरावीक क्रम असतो. आधी शिक्षण, मग नोकरी, मग गाडी, लग्न आणि घर. लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक याच क्रमाने चौकशी करतात. ज्यांचा क्रम चुकला, त्यांच्याकडे सहानुभूतीने किंवा किंचित उपहासाने पाहिले जाते. या पुस्तकाच्या वाचकांना हा अनुभव नवा नसेल. शाळा सुटली तेव्हा तुमच्यापैकी कोणी गॅरेजमध्ये कामाला लागले असेल, कोणी शेतावर राबले असेल, कोणी लहान वयात सासरी गेले असेल. सोळाव्या वर्षी घरखर्चाचा भार उचलणारी व्यक्ती तिसाव्या वर्षी दहावीची परीक्षा देते, तेव्हा ती मागे पडलेली नसते. तिने टप्पे वेगळ्या क्रमाने ओलांडले, एवढेच.

तरीही 'आपल्याला उशीर झाला' ही भावना मनात घर करून बसते आणि ती घातक आहे. कारण उशिराची भरपाई माणसाला घाईने करावीशी वाटते. बरोबरीच्या मित्राकडे गाडी आली, मग आपणही आणावी; शेजारच्या मुलीला शहरात काम मिळाले, मग आपणही मिळेल ते पत्करावे, असे वाटू लागते. या घाईत कागद वाचायचा राहून जातो. विकणारा, नोकरी देणारा आणि घर दाखवणारा दलाल या तिघांनाही आपली घाई पहिल्या पाच मिनिटांत ओळखता येते.

प्रथम वाहनाचा विचार करू. 1970 आणि 1980 च्या दशकांत बजाज स्कूटर हवी असेल, तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. उत्पादनावर सरकारी परवान्यांची बंधने होती आणि मागणी उत्पादनाच्या कितीतरी पट होती. ते थांबणे कंटाळवाणे होते, यात शंका नाही. पण त्या काळात पैसे साठत आणि विचारही होत असे. 1991 नंतर आर्थिक धोरण बदलले, कारखाने वाढले आणि ग्राहकाची त्या रांगेतून सुटका झाली, हे चांगलेच झाले. आज गाडी दोन-चार दिवसांत मिळते आणि कर्जाचे कागद अर्ध्या तासात तयार होतात. आता आपल्याला थांबवणारे कोणी उरलेले नाही. थांबायचे असेल, तर ते आपले आपणच ठरवायला हवे.

विक्रेता सहसा हप्ता सांगतो. एकूण रक्कम सांगत नाही. समजा, दुचाकीसाठी 60,000 रुपयांचे कर्ज 3 वर्षांच्या मुदतीने घ्यायचे आहे आणि व्याजाचा दर 'फक्त 10 टक्के' असल्याचे सांगितले जात आहे. हे 10 टक्के दोन प्रकारे मोजता येतात. एका प्रकारात तिन्ही वर्षे पूर्ण 60,000 रुपयांवर व्याज लावतात. याला फ्लॅट दर म्हणतात. या हिशेबाने व्याज 18,000 रुपये होते आणि मासिक हप्ता सुमारे 2,167 रुपये पडतो. निम्मे कर्ज फेडून झाले, तरी व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवरच चालू राहते. दुसऱ्या प्रकारात दर महिन्याला जेवढे कर्ज शिल्लक असेल, तेवढ्यावरच व्याज लावतात. या हिशेबाने हप्ता सुमारे 1,936 रुपये पडतो आणि तीन वर्षांचे व्याज सुमारे 9,700 रुपये होते. तोंडाने सांगितलेला दर एकच. पण खिशातून जाणाऱ्या रकमेत 8,300 रुपयांचा फरक पडला. पहिल्या प्रकारातले 10 टक्के दुसऱ्या प्रकाराने मोजले, तर जवळजवळ 18 टक्के भरतात.

हा फरक ओळखण्यासाठी मोठे गणित यावे लागत नाही. हप्त्याला महिन्यांच्या संख्येने गुणावे आणि त्यातून कर्जाची रक्कम वजा करावी. उरेल ते व्याज. शिवाय दर फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवरचा आहे, हा एक प्रश्न विचारावा. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे 1 ऑक्टोबर 2024 पासून वैयक्तिक ग्राहकाला मुदतीचे नवे कर्ज देताना बँकांनी आणि वित्त कंपन्यांनी कर्जाच्या मुख्य बाबींचे एक विवरणपत्र देणे बंधनकारक झाले आहे. निरनिराळी शुल्के धरून वर्षाला एकूण किती टक्के खर्च येतो, हे त्यात लिहावे लागते. ते विवरणपत्र कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे आणि त्यातील मजकूर त्याला समजावून सांगावा, असेही नियम सांगतो. तुमची भाषा मराठी असेल, तर मराठीत मागा. ते मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. पण हप्त्याच्या व्यवहारात अंथरूण डोळ्यांना दिसत नाही. ते पाहण्याचा एक सोपा उपाय सुचवावासा वाटतो. गाडी घेण्याचे ठरले की लगेच घेऊ नये. हप्ता, पेट्रोल, विमा आणि दुरुस्ती यांची मिळून जी मासिक रक्कम होते, ती तीन महिने प्रत्यक्ष बाजूला काढून ठेवावी. तीन महिने हे जमले, तर गाडी खुशाल घ्यावी. हाताशी जमलेली रक्कमही उपयोगी पडेल. जमले नाही, तर गाडी न घेताच उत्तर मिळाले आणि नुकसान काहीच झाले नाही.

अनेकांची पहिली गाडी जुनी असते. त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र जुन्या गाडीत किल्ली हाती येणे आणि मालकी हाती येणे या दोन वेगळ्या गोष्टी असतात. नोंदणी प्रमाणपत्रावर ज्याचे नाव, तो कायद्याने मालक. गाडीवर कर्ज असेल, तर प्रमाणपत्रावर तशी नोंद असते आणि कर्ज फिटल्याचे पत्र आणून ती नोंद काढून घ्यावी लागते. गाडी विकली गेल्यावर परिवहन कार्यालयाला कळवण्यासाठी विकणाऱ्याला 14 दिवसांची, तर राज्यातल्या राज्यात घेणाऱ्याला 30 दिवसांची मुदत मोटार वाहन कायद्याने दिली आहे. ओळखीतल्या व्यवहारात हे काम 'पुढे बघू' म्हणून राहून जाते. त्याचा परिणाम विकणाऱ्यालाही भोगावा लागू शकतो. 2018 साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. गाडी एका हातातून दुसऱ्या, तिसऱ्या हातात विकली गेली होती, पण नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर राहिली होती. अपघात झाला, तेव्हा भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकाचीच आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला. गाडी दारात नव्हती, चालवणारा ओळखीचा नव्हता. तरी प्रमाणपत्रावरच्या नावाने जबाबदारी त्याच्याकडे आली.

आता ज्या सहीत आपल्या हाती काहीच येत नाही, त्या सहीकडे वळू. मित्र किंवा चुलतभाऊ कर्ज घेतो आणि 'तुझी फक्त सही पाहिजे' असे म्हणतो. जामीन म्हणजे चांगल्या वागणुकीचा दाखला, असा पुष्कळांचा समज असतो. करार कायदा सांगतो की, करारात वेगळे काही म्हटले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या जबाबदारीएवढीच असते. हप्ते थकले, तर कर्ज देणाऱ्याला आधी कर्जदाराच्या मागे लागून मग जामीनदाराकडे येण्याचे बंधन नसते. तो थेट जामीनदाराकडेही येऊ शकतो. म्हणून जामीन राहण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा. हे सगळे कर्ज उद्या मला फेडावे लागले, तर मी फेडू शकेन का? उत्तर 'नाही' असेल, तर नम्रपणे नकार द्यावा. नकाराने मित्र काही दिवस रुसेल. बुडालेल्या कर्जाने मैत्री आणि पैसा दोन्ही जातात.

नोकरीचे कागद वाचण्याची तर आपल्याला सवयच नसते. काम मिळाल्याच्या आनंदात नियुक्तिपत्राची पहिली ओळ आणि पगाराचा आकडा एवढेच वाचले जाते. खरे तर वाचायचे त्यापुढे असते. सांगितलेल्या पगारातून कोणती कपात होऊन हातात किती येणार, कामाचे तास किती, परीक्षाधीन काळ किती, नोकरी सोडायची झाल्यास किती दिवस आधी कळवायचे आणि ठरावीक मुदतीपूर्वी सोडल्यास काही रक्कम भरावी लागेल का, हे सर्व त्यात असते. अनेकांना नियुक्तिपत्रच मिळत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार श्रमसंहिता अमलात आल्या असून कामावर घेतलेल्यास नियुक्तिपत्र देणे हे त्यांनी मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. पत्र मागणाऱ्याने आपण उर्मटपणा करत आहोत असे समजू नये.

आणखी एक पद्धत ठामपणे नाकारण्याजोगी आहे. काही ठिकाणी कामावर घेताना मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रे ठेवून घेतात. तपासण्यासाठी मूळ कागद दाखवावेत आणि लगेच परत घ्यावेत. जवळ ठेवण्यासाठी फक्त छायाप्रती द्याव्यात. ज्याचे मूळ प्रमाणपत्र दुसऱ्याच्या कपाटात आहे, त्याला नोकरी सोडण्याचे स्वातंत्र्य नावापुरतेच उरते. दिवसभर काम करून रात्री अभ्यास करणाऱ्याने ते प्रमाणपत्र किती कष्टाने मिळवले, हे त्या कपाटाच्या मालकाला ठाऊक नसते. तुम्हाला ते ठाऊक आहे.

नोकरी बदलणे यात गैर काही नाही. एका ठिकाणी लागून तेथेच निवृत्त होण्याचा काळ बहुतेकांसाठी मागे पडला आहे. परंतु हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे शहाणपण जुने झालेले नाही. नव्या नोकरीचे पत्र हाती येण्यापूर्वी जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नये. राजीनामा तोंडी न देता तारखेसह लिहून द्यावा आणि तो मिळाल्याची पोच घ्यावी. निघताना कार्यमुक्तीचे पत्र, अनुभवाचा दाखला आणि राहिलेला पगार यांचा हिशेब पूर्ण करावा. भविष्य निर्वाह निधीचे पैसे प्रत्येक नोकरीनंतर काढून घेण्याचा मोह पुष्कळांना होतो. 2014 पासून सदस्याला एकच कायम क्रमांक मिळतो. नोकरी बदलली तरी तो बदलत नाही आणि जुनी शिल्लक नव्या नोकरीत वर्ग करता येते. 1995 सालच्या निवृत्तिवेतन योजनेनुसार म्हातारपणी दरमहा वेतन मिळण्यासाठी किमान 10 वर्षांची सेवा लागते. दर वेळी निवृत्तिवेतनाचीही रक्कम काढून घेणाऱ्याच्या खात्यावर ही वर्षे साठतच नाहीत. पंचविशीतली एक सही साठीतल्या माणसाच्या ताटाशी अशी जोडलेली असते.

नोकरीमागोमाग बहुधा गाव बदलते. मराठी माणसाला स्थलांतर नवे नाही. तंजावर, बडोदे, इंदूर आणि ग्वाल्हेर येथे कित्येक पिढ्यांपूर्वी गेलेली मराठी कुटुंबे आजही तेथे नांदत आहेत. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या कापड गिरण्यांत आलेले कामगार गावकऱ्यांच्या सामाईक खोल्यांत राहत आणि खानावळीत जेवत. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी ती माणसे एकमेकांच्या ओळखीची असत. तेथे करारनाम्याची गरज भासत नसे. आज हैदराबाद, सुरत किंवा पुण्याला एकटे जाणाऱ्या तरुणाला गावची खोली मिळेलच असे नाही. त्याला अनोळखी घरमालकाशी व्यवहार करावा लागतो आणि तो लेखीच व्हायला हवा.

भाड्याचा करार बहुतेक ठिकाणी 11 महिन्यांचा का असतो, हे पुष्कळांना माहीत नसते. 1908 सालच्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी आवश्यक असते. ती टाळण्यासाठी 11 महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार जागा वापरण्याच्या परवान्याचा करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी जागामालकावर असते. असा करार नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. इतर राज्यांचे कायदे निराळे आहेत. म्हणून ज्या राज्यात राहायला जाल, तेथील रीत आधी विचारून घ्यावी. अनामत रकमेबाबतही हेच. केंद्र शासनाने 2021 साली राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, असे सुचवले आहे. पण तो कायदा राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. म्हणून अनामत किती, ती केव्हा परत मिळणार आणि तिच्यातून कशाकशाची कपात होणार, हे करारातच लिहून घ्यावे. खोली ताब्यात घेताना भिंती, नळ, पंखे यांची स्थिती दोघांनी मिळून पाहिली आणि कागदावर उतरवली, तर सोडतेवेळी वाद उरत नाही.

पत्ता बदलला की त्यामागे आणखी काही कागद येतात. शिधापत्रिकेवरचे धान्य आता दुसऱ्या राज्यातही घेता येते. 2019 साली काही राज्यांत सुरू झालेली ही सोय 2022 पर्यंत देशभर पोहोचली. गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल, तर तेथे तिची नव्याने नोंदणी करावी लागते. मतदार यादीतला पत्ता बदलण्यासाठी नमुना 8 भरून द्यावा लागतो. शेवटचे हे काम अनेक जण करतच नाहीत आणि निवडणुकीच्या दिवशी ना गावचे राहतात, ना शहराचे.

एवढे सारे वाचल्यावर कोणी म्हणेल, प्रत्येक गोष्टीचा कागद मागायचा, म्हणजे माणसांवर विश्वासच ठेवायचा नाही का? हा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. आपल्याकडे शब्दाला मान आहे, आणि आप्तेष्टांकडे लेखी मागणे म्हणजे त्यांचा अपमान, असे मानले जाते. पण भांडणे बहुधा लबाडीमुळे होत नाहीत. दोघांच्या आठवणी वेगळ्या असतात म्हणून होतात. दोन वर्षांपूर्वी काय ठरले होते, हे प्रत्येकाला आपापल्या सोयीने आठवते. कागद ही आठवण दोघांसाठी सारखी ठेवतो. म्हणून मामाकडून उसने घेतलेले पैसेही लिहून ठेवावेत, ते मामांच्या समाधानासाठी आणि आपल्याही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कागद वाचून उपयोग काय? अटी छापील असतात, अक्षर बारीक असते, भाषा इंग्रजी असते आणि 'पटत नसेल तर दुसरीकडे जा' असे ऐकावे लागते. ज्याच्या घरी चूल पेटण्याची चिंता आहे, तो नोकरीच्या अटींवर घासाघीस कशी करणार? हे खरे आहे. अटी लिहिणाऱ्यांचीही जबाबदारी मोठी आहे. ज्याची सही घ्यायची, त्याला समजेल अशा भाषेत कागद नसणे हा अन्याय आहे आणि तो दूर व्हायला हवा. परंतु तोवर न वाचता सही करणे हा त्यावरचा इलाज नव्हे. अट बदलता आली नाही, तरी ती आहे हे माहीत असण्याने पुष्कळ फरक पडतो. दोन महिने आधी कळवावे लागेल हे ज्याला ठाऊक आहे, तो नोकरी सोडण्याची आखणी तशी करतो. वाचता येत नसलेला मजकूर जाणत्या माणसाकडून वाचून घेता येतो. 'मला एक दिवस द्या, मी घरी वाचून येतो' असे म्हणता येते, आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत मागता येते. एक दिवसही द्यायला जो तयार नाही, त्याच्या कागदाविषयी शंका घ्यायला पुरेसे कारण मिळाले, असे समजावे.

ज्यांच्यापाशी ताकद कमी असते, त्यांना कागदाचा सर्वाधिक उपयोग होतो, याचे एक उदाहरण मुंबईत घडले आहे. गिरणी कामगारांसाठी खानावळी चालवणाऱ्या स्त्रिया पहाटेपासून राबत. पण धान्यासाठी लागणारे भांडवल त्यांना सावकाराकडून भारी व्याजाने घ्यावे लागे. 1969 साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, तरी बँकेचे दार त्यांना आपले वाटत नव्हते. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम हाती घेतले. सावकाराकडे व्याज त्याच्या मर्जीवर चाले. बँकेच्या कागदावर ते लिहिलेले होते. ज्या कागदाची भीती वाटत होती, तोच त्यांच्या उपयोगी पडला.

आता सहीचे रूप बदलत आहे. 1988 साली राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झाले, तेव्हा अंगठ्याच्या जागी सही येणे ही अभिमानाची गोष्ट मानली गेली. आज भाडेकराराची नोंदणी ऑनलाइन करताना यंत्रावर पुन्हा अंगठाच टेकवावा लागतो. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता दिली आहे. भ्रमणध्वनीवर आलेला सहा आकडी ओटीपी भरणे, किंवा पडद्यावरच्या 'मला मान्य आहे' या चौकोनाला स्पर्श करणे, हीही संमतीच आहे. म्हणून अनोळखी माणसाला फोनवर ओटीपी सांगणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देण्यासारखे आहे. पूर्वी सही करायला लेखणी उचलावी लागे; त्या क्षणभरात माणूस थबकत असे. आता बोट लावले की झाले. वाचण्यासाठी मिळणारा वेळ जसजसा कमी होतो, तसतशी वाचण्याची गरज वाढते.

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज म्हणत. करून पाहिल्याशिवाय कळत नाही, हा त्यातला अर्थ. त्याला आजच्या काळात एवढीच जोड द्यावीशी वाटते की, करण्याआधी वाचूनही पाहावे. तुम्ही पुन्हा शिकायला बसला आहात, ते केवळ परीक्षेपुरते नाही. या पुस्तकातला उतारा वाचताना तुम्ही जे करता, म्हणजे अवघड शब्दापाशी थांबता, वाक्य पुन्हा वाचता, न कळलेले विचारता, तेच उद्या कर्जाच्या, नोकरीच्या आणि घराच्या कागदापुढे करायचे आहे. कोणी बोट ठेवून सहीची जागा दाखवली, तर आधी पहिल्या ओळीवर आपले बोट ठेवावे आणि शेवटच्या ओळीपर्यंत न्यावे. तेवढा वेळ समोरच्याला थांबू द्यावे.